धुलाई कुणाच्या हाती? कोल्हापूरच्या दोन 'सैरंध्री' आणि आजची रॉ फाईल

विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी विचारलं, की सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आता कॅमेऱ्याच्या सॉफ्टवेअरवर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं हे दुकानदार माझ्यापेक्षा लवकर सांगेल. मला बोलायचं आहे ते त्या निवडीच्या इतिहासाबद्दल. कारण ही निवड संगणकाबरोबर जन्मलेली नाही. शंभर वर्षांपूर्वी ती याच गावात करावी लागली होती. एकदा एका पद्धतीनं झाली, आणि तेरा वर्षांनी, त्याच कथेच्या निमित्तानं, अगदी उलट पद्धतीनं.

आधी शब्द नीट लावून घेऊ. इंग्रजीत 'रॉ' म्हणतात, म्हणजे कच्चं. आपल्याकडे चित्रपटवाल्यांच्या बोलण्यात 'कच्ची फिल्म' हा शब्द जुना आहे. पण ती कच्ची फिल्म म्हणजे डब्यातली कोरी, अजून प्रकाश न बघितलेली फिल्म. कॅमेऱ्यातून निघणारी रॉ फाईल तशी कोरी नसते. तिच्यावर प्रकाश पडून गेलेला असतो, फक्त ती धुतलेली नसते. ज्यांनी छत्तीस फोटोंचे रोल वापरलेत त्यांना आठवेल, आपण म्हणायचो, "रोल धुवायला टाकलाय." तर रॉ फाईल म्हणजे धुवायला टाकायचा रोल. सॉफ्टवेअर म्हणजे धुलाईची खोली. आणि आजचा खरा प्रश्न असा, की ती खोली कुणाच्या मालकीची?

आता १९१७ सालच्या कोल्हापुरात चला. बाबूराव मेस्त्री, ज्यांना सगळा महाराष्ट्र बाबूराव पेंटर म्हणून ओळखतो, आणि त्यांचे आतेमामेभाऊ की चुलतभाऊ या वादात न पडता म्हणतो, त्यांचे बंधू आनंदराव, हे दोघे नाटकांचे पडदे रंगवणारे कलावंत. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि या दोघांना सिनेमाचं वेड लागलं. पैसा नाही, विलायती कॅमेरा परवडत नाही. तेव्हा कॅमेरा आपणच करायचा, असं ठरलं. १९१६ मध्ये आनंदराव गेले. काम बाबूरावांनी पुढं नेलं. विष्णुपंत दामले त्यांच्याबरोबर होते. गायिका तानीबाई कागलकरांनी पैसा दिला, महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली, आणि लेथवर घडवलेल्या त्या देशी कॅमेऱ्यावर 'सैरंध्री' चित्रित झाला. ७ फेब्रुवारी १९२० रोजी तो पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली, ती यानंतरची गोष्ट.

कॅमेऱ्याची गोष्ट आपण अभिमानानं सांगतो आणि तिथंच थांबतो. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती धुलाई. फिल्म रसायनात किती वेळ ठेवायची, छपाईच्या वेळी दिवा किती प्रखर ठेवायचा, सावलीतलं किती दिसू द्यायचं आणि किती अंधारात ठेवायचं, हे निर्णय ज्यानं दृश्य रचलं त्याच्याच छपराखाली होत होते. त्या काळी सर्रास वापरात असलेली फिल्म तांबड्या रंगाला आंधळी होती. आकाशाची निळाई तिला पांढरी दिसायची आणि तांबडा रंग काळा. आपल्या खासबागेतल्या तांबड्या मातीचं चित्र त्या फिल्मवर घेतलं असतं तर माती काळवंडून आली असती. ज्याचा हात रंगात मुरलेला, त्याला हे समजून उमजूनच पडदे, कपडे आणि चेहरे रंगवावे लागले असणार. १९२५ च्या 'सावकारी पाश'मधलं अंधाऱ्या झोपडीचं आणि भुंकणाऱ्या कुत्र्याचं दृश्य बघणाऱ्यांच्या मनात वर्षानुवर्षं राहिलं. तसा अंधार नुसत्या कॅमेऱ्यानं मिळत नाही. तो धुलाईच्या खोलीत सांभाळावा लागतो.

फाळक्यांचंही तेच. ते चित्रपटाकडे वळण्याआधी छपाईच्या धंद्यात होते, रतलामला त्यांनी तीन रंगी ब्लॉक करण्याची विद्या शिकली होती. हे तीन रंगी ब्लॉक लक्षात ठेवा, पुढं लागतील. चित्र तीनदा टिपायचं, दर वेळी वेगळ्या रंगाच्या काचेतून, आणि मग तिन्ही एकमेकांवर छापायची. आणि दादरच्या घरात फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतचं काम सरस्वतीबाई करत. आपल्या चित्रपटाच्या इतिहासात त्यांच्या नावाला जेवढी जागा मिळते तेवढी पुरेशी नाही, असं माझं मत आहे. पण तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय.

आता दुसरी 'सैरंध्री'. महाराष्ट्र फिल्म कंपनीतूनच बाहेर पडलेल्या शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्ण्यांबरोबर १९२९ साली कोल्हापुरातच 'प्रभात' सुरू केली. बोलपटांत जम बसल्यावर त्यांनी ठरवलं, आता रंग. कथा निवडली ती गुरूंच्या पहिल्या चित्रपटाचीच. १९३३ च्या या 'सैरंध्री'साठी वापरलेल्या पद्धतीत दोन निगेटिव्ह एकमेकींना चिकटवून कॅमेऱ्यात घालत. पुढची एक रंगपट्टी टिपायची, मागची दुसरी. म्हणजे तीनऐवजी दोनच रंगांवर भागवायचं. आणि हे धुण्या-छापण्याची सोय हिंदुस्थानात नव्हती. शांतारामबापू निगेटिव्ह घेऊन जर्मनीला गेले.

रंग मनासारखे उतरले नाहीत. भडक झाले, कृत्रिम वाटले, आणि चित्रपटही चालला नाही. पुढं १९३७ साली अर्देशिर इराणींच्या 'किसान कन्या'ला देशात प्रक्रिया झालेला पहिला रंगीत चित्रपट हा मान मिळाला. तीही दोन रंगांचीच पद्धत होती, परवाना परदेशीच होता, पण रसायनशाळा इथली.

यातून जर्मन वाईट आणि आपण चांगले, असा अर्थ काढू नका. यंत्रसामग्री त्यांची उत्तम होती. ज्ञानही होतं. अडचण निराळी होती. द्रौपदीच्या शालूचा रंग कसा हवा, हे ज्याच्या डोळ्यात होतं तो माणूस आणि तो रंग ज्या टाकीत ठरत होता ती टाकी, यांच्यामध्ये समुद्र होता. एक पट्टी धुवून बघितली, नाही आवडली, उद्या जरा वेगळं करून बघू, ही सवय १९२० च्या कोल्हापूरला होती. १९३३ मध्ये ती चैन उरली नाही. प्रक्रिया बंद डब्यासारखी झाली. एका बाजूनं निगेटिव्ह घाला, दुसऱ्या बाजूनं जे येईल ते घ्या.

इथून उडी मारून आपण आजच्या कॅमेऱ्यात येऊ. बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या संवेदकावर रंगीत काचांची एक बारीक जाळी असते. कोडॅक कंपनीतल्या ब्राइस बेयर यांनी तिची कल्पना काढली, १९७६ साली तिचं पेटंट मिळालं. फाळक्यांच्या तीन रंगी ब्लॉकचीच ही नात म्हणा. फरक इतकाच, की चित्र तीनदा टिपण्याऐवजी एकदाच टिपायचं आणि एकेका ठिपक्याला एकेकच रंग द्यायचा. अर्धे ठिपके हिरवे, पाव तांबडे, पाव निळे. तुमचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा असेल तर १ कोटी २० लाख ठिपके फक्त हिरवा मोजतात, ६० लाख तांबडा आणि ६० लाख निळा. पण पूर्ण चित्राला प्रत्येक ठिपक्यावर तिन्ही रंग लागतात, म्हणजे ७ कोटी २० लाख आकडे. मोजलेले किती? २ कोटी ४० लाख. उरलेले ४ कोटी ८० लाख आकडे शेजारपाजारच्या ठिपक्यांवरून अंदाजानं भरलेले असतात. फोटोत जे रंग दिसतात त्यांतला दोन तृतीयांश भाग हा अनुमान आहे!

हे अनुमान कोण करतं? तुम्ही जेपेग काढलात तर कॅमेऱ्यातली चिप करते, जागच्या जागी, आणि मोजलेले मूळ आकडे टाकून देते. रॉ फाईलमध्ये ते आकडे राहतात. साधारण १४ बिटांच्या फाईलमध्ये प्रत्येक ठिपक्याला १६,३८४ पायऱ्या असतात. जेपेगमध्ये दर रंगाला २५६. गुऱ्हाळातल्या काहिलीवरची पांढरी वाफ आणि मागचा काळोखा कोपरा, दोन्ही एकाच चित्रात हवे असतील तर या पायऱ्यांची किंमत कळते.

आपल्या गावाला समजेल असं सांगतो. मटण शिजवलं की निघतं ते अळणी पाणी. त्यात नारळाचं दूध गेलं की पांढरा रस्सा, मसाला-चटणी गेली की तांबडा. मूळ एकच. जेपेग म्हणजे हॉटेलातून आणलेला तांबडा रस्सा. त्याचा पांढरा करता येत नाही, कितीही दूध घाला. रॉ म्हणजे अळणी. ते नुसतं कुणी वाढत नाही, पण ते हाताशी असलं की दोन्ही करता येतात.

माझ्या विषयातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही, दोन मिनिटं सहन करा. आपल्या न्यायदर्शनात प्रत्यक्ष ज्ञानाचे दोन टप्पे मानतात. निर्विकल्पक, म्हणजे 'काहीतरी आहे' इतकंच, नावगाव नसलेलं. आणि सविकल्पक, म्हणजे 'ही गाय आहे, पांढरी आहे'. चौदाव्या शतकात मिथिलेत गंगेश उपाध्यायांनी 'तत्त्वचिंतामणी'त यावर फार मार्मिक भूमिका घेतली. निर्विकल्पक ज्ञान असतं, पण ते आपल्याला कधीच थेट जाणवत नाही. सविकल्पक ज्ञानावरून मागं जाऊन, ते असलंच पाहिजे, असं अनुमान करावं लागतं. रॉ फाईलचं तंतोतंत हेच आहे. "मी रॉ फोटो बघितला" असं कुणी म्हणालं तर त्यानं तो बघितलेला नसतो. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दिसतो तो रॉच्या पोटात ठेवलेला छोटा जेपेग. संगणकावर दिसतं ते त्या सॉफ्टवेअरनं केलेलं रूपांतर. रॉ स्वतः दिसतच नाही. म्हणून 'खरा रंग दाखवणारं सॉफ्टवेअर कोणतं' या प्रश्नाला उत्तर नाही. खासबागेची माती एका सॉफ्टवेअरमध्ये विटकरी दिसेल, दुसऱ्यात थोडी किरमिजी. दोघांनीही खोटं सांगितलेलं नसतं.

बरं, मग निवड कशावर करायची? इथं गेल्या पंचवीस-तीस वर्षांचा इतिहास उपयोगी पडतो.

सुरुवातीला प्रत्येक कॅमेरा कंपनीची रॉ फाईल वेगळी आणि ती उघडणारं सॉफ्टवेअरही त्याच कंपनीचं, अशी व्यवस्था होती. फाईलची रचना गुपित. १९९७ साली डेव्ह कॉफिन नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरनं एकट्यानं 'डीसीरॉ' लिहायला घेतलं. वेगवेगळ्या कंपन्यांच्या फाईल उलगडून त्यानं त्या वाचायची रीत सगळ्यांसाठी खुली केली. लेथवर कॅमेरा घडवणारी जी जात असते ना, तिच्यातलाच हा माणूस. आज आपण वापरतो त्यांतल्या कितीतरी सॉफ्टवेअरच्या पोटात त्याचं काम थेट किंवा आडमार्गानं आहे.

२००५ साली एक प्रकरण गाजलं. निकॉननं डी-टू-एक्स या कॅमेऱ्याच्या फाईलमध्ये व्हाईट बॅलन्सची माहिती सांकेतिक करून ठेवली. व्हाईट बॅलन्स म्हणजे पांढरा कशाला म्हणायचं याची नोंद. फोटोशॉपचे एक निर्माते थॉमस नॉल यांनी याबद्दल जाहीर तक्रार केली. अडोबीचं स्वतःचं धोरण कायद्याच्या भीतीनं सावध राहिलं, कॉफिननं मात्र ती कुलपं उघडली. प्रश्न एका आकड्याचा होता, पण तत्त्वाचा होता. फोटो मी काढला, वीज माझी, कॅमेरा मी विकत घेतला. त्यात मोजलेला आकडा वाचायला परवानगी कुणाची? त्याआधीच्याच वर्षी, २००४ मध्ये, अडोबीनं डीएनजी नावाचा खुला आराखडा मांडला होता. 'डिजिटल निगेटिव्ह' हेच त्याचं पूर्ण नाव. लायका, पेंटॅक्स यांनी तो स्वीकारला. कॅनन, निकॉन, सोनी आपापल्या वाटेनं गेले.

मग सॉफ्टवेअरचीच पडझड बघा. पिक्समँटेक या डॅनिश कंपनीचं 'रॉशूटर' लोकांना आवडायचं. २००६ मध्ये अडोबीनं ती कंपनी विकत घेतली आणि ते नाव संपलं. 'बिबल' २०१२ मध्ये कोरेलकडे गेलं आणि नाव बदलून आलं. ॲपलनं २००५ साली मोठ्या थाटात 'ॲपर्चर' आणलं, २०१४ मध्ये आता पुढं काम करणार नाही असं जाहीर केलं, आणि २०१५ मध्ये ते विक्रीतून काढलं. ज्यांनी दहा वर्षं हजारो फोटो त्यात धुतले होते त्यांची निगेटिव्ह शाबूत राहिली, पण धुलाईची कृती अडकली. हा मुद्दा नीट समजून घ्या. ही सॉफ्टवेअर्स मूळ फाईलला हात लावत नाहीत. उजेड इतका वाढवा, सावली इतकी उघडा, अशी फक्त कृती लिहून ठेवतात. आणि एकाची कृती दुसऱ्याला पूर्णपणे वाचता येत नाही. मीठ किती हे कळतं, पण मसाला कुणाच्या घरचा हे कळत नाही.

अडोबीच्या लाइटरूमचंही ऐका. २००७ साली पहिली आवृत्ती आली तेव्हा एकदा पैसे दिले की ते तुमचं. २०१५ ची सहावी आवृत्ती ही तशी मिळालेली शेवटची. २०१७ पासून फक्त वर्गणी. वर्गणी थांबली तर तुमचे फोटो बघता येतात, बाहेरही काढता येतात, पण त्यांची नव्यानं धुलाई करणारा भाग बंद होतो. याला लूट म्हणणारे आहेत, मी म्हणत नाही. नवीन कॅमेरे येतात, त्यांच्या फाईल वाचायचं काम सतत करावं लागतं, त्याला पैसा लागतो. पण ही धुलाईची खोली भाड्याची आहे, हे भाडेकरूनं विसरू नये.

आता माझं मत. आपल्याकडच्या लग्नसराईत एका दिवसात दीड-दोन हजार फोटो काढणारा माणूस असेल, तर त्यानं लाइटरूम किंवा कॅप्चर वन घ्यावं आणि मनात काही आणू नये. त्याचा वेळ त्याच्या वर्गणीपेक्षा महाग आहे. कॅप्चर वनमध्ये रंग बारकाईनं हाताळता येतात, हळदीच्या कार्यक्रमाचा पिवळा त्यात चांगला सांभाळता येतो असं मला दिसलं. पण कला महाविद्यालयातला विद्यार्थी असेल, किंवा माझ्यासारखा निवृत्त माणूस रंकाळ्यावर पहाटे जाऊन फोटो काढणारा असेल, तर त्यानं फुकट आणि खुलं सॉफ्टवेअर आधी बघावं. 'रॉथेरपी' हे गाबोर होर्वाथ या हंगेरियन प्रोग्रामरनं सुरू केलेलं, २०१० पासून खुलं. 'डार्कटेबल' योहानेस हानिका यांनी २००९ मध्ये सुरू केलं. नावातच अंधाऱ्या खोलीतलं टेबल आहे. दोन्ही सुरुवातीला जड जातात. इतकी बटणं कशाला, असं वाटतं. पण ती बटणं म्हणजे अनुमान कसं करायचं याचे पर्याय आहेत, आणि ते तुमच्यापुढे मांडून ठेवलेत. शिकणाऱ्यानं आधी इथं हात भाजून घ्यावेत असं मला वाटतं. दुसऱ्यानं लावून दिलेल्या एका बटणावर जो शिकतो, त्याला रंग बिघडला तर कुठं बिघडला हे कळत नाही.

कॅमेरा कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअरही दुर्लक्षू नका. ते बहुधा संथ असतं, पण कॅमेऱ्याच्या जेपेगसारखेच रंग हवे असतील तर सगळ्यात जवळ तेच जातं.

आणि काहीही निवडलंत तरी तीन गोष्टी ठेवा: मूळ रॉ फाईल, धुवून झालेल्या निवडक चित्रांची टिफ प्रत, आणि शेजारच्या छोट्या फाईलमधली कृती. लाइटरूमला सांगावं लागतं की कृती वेगळी लिही, नाहीतर ती फक्त त्याच्या आतल्या यादीत राहते. फार जणांना हे माहीत नसतं. डीएनजी करून मूळ फाईल फेकून देण्याच्या बाजूचा मी नाही. डीएनजी करा, पण मूळही ठेवा, डिस्क स्वस्त झाल्या आहेत.

मी एवढा आग्रह का धरतो? १९२० ची 'सैरंध्री' आज उपलब्ध नाही. 'सावकारी पाश'ची मूक आवृत्ती नाही. बाबूरावांनी १९३६ मध्ये तोच विषय बोलपटात पुन्हा केला. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या एवढ्या चित्रपटांपैकी 'मुरलीवाला' आणि 'सती सावित्री' या १९२७ च्या दोन चित्रपटांचे भाग पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात उरले. संग्रहालयाची स्थापनाच मुळी १९६४ ची. तोवर नायट्रेटची फिल्म जळून, विरघळून, चांदीसाठी भंगारात जाऊन संपत आली होती. २००३ च्या जानेवारीत पुण्यातच आग लागली आणि जुन्या नायट्रेट फिल्मचा आणखी मोठा साठा गेला. ज्यांनी कॅमेरा केला, धुलाई केली, छपाई केली, त्यांची साठवण मात्र कुणीच केली नाही. त्या वेळी ते सुचणंही कठीण होतं. धंदा चालू चित्रपटावर चालायचा, मागच्या चित्रपटाचा डबा म्हणजे अडगळ.

शेवटी इथं आलेल्या एका चिठ्ठीला उत्तर देतो. विचारलंय, जुना संगणक आहे, चार जीबीची मेमरी आहे, चालेल का? डार्कटेबल ग्राफिक्स कार्ड असेल तर पळतं, नसेल तर तुमच्या यंत्रावर रखडेल. रॉथेरपी ग्राफिक्स कार्ड मागतच नाही, तेव्हा आधी ते टाकून बघा. एकावेळी एकच फोटो उघडा. खासबागेच्या मातीचा, दुपारच्या उन्हातला एखादा घ्या, कॅमेऱ्याचा जेपेग शेजारी ठेवा, आणि मातीचा रंग दोन्हीकडे कसा येतो ते आधी नुसतं बघा. बटणांना हात नंतर लावा.